खाचा पाडणारी देवी

आमच्या नातीच्या वाट्याला ती देवी चिठ्ठीतून आली. सहावीत होती तेव्हा. शाळेत इजिप्तचा धडा चालू होता, आणि बाईंनी टोपीत चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एकेक देव काढायला लावला. ज्याला जो देव निघेल त्यानं त्याचा वेश करून यायचं, त्याची माहिती सांगायची. हिला हवी होती मांजराच्या तोंडाची देवी. ती गेली हिच्या मैत्रिणीला. हिला निघाली सेशात.

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात ती बूट न काढताच शिरली आणि दप्तर सोफ्यावर फेकलं.

"आजी, नोबडी नोज हर! तिला टेंपलपण नाहीये. नॉट इव्हन वन!"

"देऊळ नाही? मग कसली देवी गं ती?"

"रायटिंगची," ती तोंड वाकडं करून म्हणाली. "बोरिंग."

मी भाजी निवडत होते. हातातली मेथी तशीच राहिली. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं सगळं मी स्वतःच शिकले, वाण्याच्या पुडीचा कागद उलगडून, औषधाच्या बाटलीवरचं वाचून, यजमानांनी वाचनालयातून आणलेलं पुस्तक चुलीपुढे धरून. आणि लिहायला लागले ते तर चाळिशी उलटल्यावर. माझं अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखं आहे. तेव्हा लिहिण्याची एक आख्खी देवी आहे आणि ती बाई आहे, हे ऐकून मी गप्प बसणं शक्य तरी होतं का?

"दाखव बघू," म्हटलं.

लायब्ररीतून आणलेलं पुस्तक तिनं उघडलं. पानभर चित्र. उभी, सडपातळ बाई. अंगावर बिबट्याचं कातडं. डोक्यावर काठी, काठीवर सात टोकांचं काहीतरी, फूल म्हणा की चांदणी. एका हातात लेखणी. आणि दुसऱ्या हातात एक लांब, वर वाकलेली फांदी.

नात इंग्रजी वाचायची आणि अर्धं मराठीत सांगायची. ही देवी राजांची नावं एका पवित्र झाडाच्या पानांवर लिहिते. राजानं किती वर्षं राज्य केलं ते मोजते. देऊळ बांधायचं असलं की राजाच्या समोर उभी राहून दोरी ताणते, खुंट्या ठोकते, कुठे भिंत येणार ते आखून देते. दुसऱ्यांची देवळं आखून देणाऱ्या या बाईचं स्वतःचं एक देऊळ म्हणून कुणाला सापडलेलं नाही. आणि तिच्या नावाचा अर्थच मुळी 'लिहिणारी'.

मी तर बघतच राहिले. आपली सरस्वती आहे, तिच्या हातात पोथी असते, पण दोन हात वीणेवर. तिला लिहिताना मी कधी पाहिलं नाही. आपल्याकडे लिहायला बसवलं ते गणपतीला. आणि ही इथे, हजारो वर्षांपूर्वीची, चक्क कामावर उभी. पदर खोचून म्हणावं तशी.

"बोरिंग म्हणू नकोस हो तिला," मी नातीला म्हणाले. "ड्रेस मी शिवते."

आता त्याच आठवड्यात दुसरं एक झालं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

यजमान गेल्यावर सोलापूरचं घर बंद करून मी मुलाकडे आले होते. मुलगा इथला नागरिक झाला होता, त्यानं माझी ग्रीन कार्डाची फाइल टाकली होती. त्या फाइलवर सरकारी पत्र आलं. जन्माचा दाखला पाठवा. नसेल तर जन्माच्या वेळी हजर असलेल्या माणसाचं शपथेवरचं निवेदन पाठवा. बारा आठवड्यांत. नाहीतर फाइल बंद, आणि मी परत. परत म्हणजे कुठे, तर त्या बंद घरात, एकटी.

माझ्या जन्माचा दाखला कसला असणार? माझ्या पासपोर्टावर जन्मतारीख आहे एक जून. ही तारीख आमच्या गावच्या मास्तरांनी दिली. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराला विचारलं कधी जन्मलास, की पोर आपलं नाक पुसणार. मग मास्तर लिहून टाकायचे, एक जून. आमचा आख्खा वर्ग एक जूनला जन्मलेला. पिस्कॅटवेला दर शनिवारी आम्ही म्हातारी मंडळी जमायचो, तिथे एकाच केकवर पाच जणांची नावं लिहावी लागायची. एक नागपूरचे काका म्हणायचे, "त्या दिवशी महाराष्ट्रात सुइणींची काय धावपळ झाली असेल हो!"

वकील शेजारच्या एडिसन गावचे, आपल्याकडचेच. तेही हसले. "आँटी, माझे निम्मे क्लायंट एक जूनचे आहेत. घरातलं कुणी मोठं हयात आहे का? त्यांच्याकडून लिहून आणा. तारीख पासपोर्टाशी जुळलेली बरी."

हयात एकच होती. माझी आक्का. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, बार्शीकडच्या आमच्या गावीच दिलेली. शाळेत कधी गेली नाही, कारण मला काखेला घेऊन हिंडायचं काम तिच्याकडे होतं. म्हणजे माझी चौथी झाली ती तिच्या काखेवर, असंच म्हणायचं. मुलानं इथे मजकूर तयार केला, भाच्याला पाठवला. आक्कानं नुसता अंगठा उठवायचा. दोन मिनिटांचं काम.

रविवारी सकाळी फोन कार्डाचा लांबलचक नंबर दाबून मी भाच्याला फोन लावला. तिकडे संध्याकाळ. भाचा म्हणाला, "मावशी, आई अंगठा देत न्हाई. तूच बोल."

"आक्का, अगं काय झालं?"

"ह्यो कागद वाचून दावला मला पोरानं. तू जूनात कवा जलमलीस गं?"

"मास्तरांनी लिहिलंय तसं. सगळ्यांचंच आहे."

"मास्तर व्हता का बाळातपणाला?"

"अगं पण सरकारी काम आहे, आक्का! नुसता अंगठा द्यायचा."

"तुला लिवता येतं, वाचता येतं. मला निस्ता अंगठा येतो. त्यो बी खोटा उठवू का? तू पौषातली हायेस. म्या व्हते तिथं."

"आक्का, मला परत पाठवतील."

"तर ये की. भाकरी हाय हितं." आणि तिनं फोन भाच्याच्या हातात दिला.

मी चिडले. खरं सांगते, फार चिडले. आयुष्यभर काही मागितलं नाही तिच्याकडे, एक अंगठा मागितला तर म्हातारी अडून बसली. पुढचे दोन-तीन रविवार मी फोनच केला नाही. मुलगा म्हणायचा, आई, दिवस जातायत. मी म्हणायचे, जाऊ देत.

मधल्या एका रविवारी मुलानं आम्हाला गाडीनं न्यूयॉर्कच्या मोठ्या म्युझियममध्ये नेलं. नातीला तिची देवी बघायची होती. तोवर तिचंही मन जरा वळलं होतं. दालनामागून दालन, राजे, ममी, सोन्याचे दागिने, तिथे ही गर्दी. आमची देवी सापडेना. शेवटी एका बाजूच्या भिंतीशी नात ओरडली, "आजी! हिअर!"

कुठल्याशा राजाच्या देवळाच्या भिंतीचा तुटका दगड. आख्खी बाई नाहीच. कातड्याचे ठिपके, डोक्यावरच्या सात टोकांपैकी काही, आणि एक हात. हातात लेखणी. ती लेखणी टेकवलेली जागा होती ना, तिथली बोटं अशी कोरली होती की आत्ता पुढची रेघ ओढतील. समोर कुणी नव्हतं. हजारो वर्षं झाली, राजा गेला, राज्य गेलं, मोजायचं होतं तेही संपलं, आणि हा हात अजून थांबलेला नाही.

मला कळलंच नाही मी काय केलं ते. चपला काढून बाजूला ठेवल्या, मोज्यांवर उभी राहिले आणि हात जोडले.

तिथला रखवालदार आला. उंच, धिप्पाड माणूस. "मॅम, शूज प्लीज." मुलगा कानापर्यंत लाल. "आई, काय हे! घाल ना लवकर!"

नात मात्र त्या माणसाला म्हणाली, "शी थिंक्स इट्स अ टेंपल."

तो माणूस दगडाकडे बघून म्हणाला, "वेल. इट वॉज."

मी चपला घातल्या, पण तिथून हलायला मला वेळ लागला. देऊळ नसलेल्या बाईपुढे चपला काढणारी बहुतेक मी पहिलीच असेन.

ड्रेस झाला. बिबट्याच्या ठिपक्यांचं कापड मिळालं, डोक्यावरची सात टोकं पुठ्ठ्याची केली. राहिली हातातली फांदी. नातीनं पुस्तकात वाचलं की ती ताडामाडाच्या पानाची मधली शीर असते, आणि देवी तिच्यावर एकेक वर्षाची एकेक खाच पाडते. आता न्यू जर्सीत माड कुठून आणू? मला सुचलं, आपल्या दुकानात खराटा मिळतो. माडाच्या हिरांचाच तर असतो. नवा कोरा खराटा आणला, सोडला, वीसेक हीर एकत्र करून दोऱ्यानं घट्ट गुंडाळले, टोकाला वाकवले.

"आजी, इज दॅट अ ब्रूम?"

"गप. आता ही देवीची काठी आहे."

तिनं मला खाचा पाडायला सांगितल्या. मी किचनच्या टेबलाशी बसून सुरीनं पहिली खाच पाडली. दुसरी पाडली. तिसरी पाडताना माझा हात थांबला.

हा आवाज मी ऐकला होता. लाकडात पातं रुतल्याचा बारीक, कोरडा आवाज. आमच्या घराच्या न्हाणीच्या चौकटीला आई विळ्यानं खाचा पाडायची. दर संक्रांतीला. प्रत्येक पोराची वेगळी ओळ. आक्काची वरची, मधल्या भावाची मधली, माझी सगळ्यात खालची. तीळगूळ वाटून झाला की आई विळा घेऊन यायची, आम्ही ओळीनं उभे राहायचो, ती खर्रकन खाच पाडायची आणि म्हणायची, "आणि एक वरीस जगलं माजं लेकरू." आईला 'अ'सुद्धा येत नव्हता. चौकट पुढे घराबरोबर पडली, सरपणाला गेली. मी ती साफ विसरले होते. वाचायला शिकले, लिहायला शिकले, लोकांना माझं लिहिणं वाचून दाखवलं, आणि माझी स्वतःची वर्षं जिनं लिहून ठेवली होती तिला मी अडाणी समजत होते.

सुरी खाली ठेवली. नात विचारत होती, "आजी, व्हॉट हॅपन्ड?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन लावला.

"आक्का, आई चौकटीवर खाचा पाडायची. तुला आठवतं?"

"न आठवायला काय झालं? तुझी पयली खाच पाडली तवा तू बारा दिसांची व्हतीस. तुझं बारसं अन् संक्रांत एकाच दिशी."

"म्हणून तू पौष म्हणतेस?"

"म्हणून न्हाई. म्या व्हते तिथं म्हणून."

"मग सांग ना."

आणि मग तिनं सांगितलं. शाळू हुरड्याला आला होता. आई भरल्या पोटानं राखणीला गेली, आक्का गोफण घेऊन पाखरं हाकत होती. दुपारी आईला कळा सुरू झाल्या. बाप बाजारला गेलेला. आक्का सुईण आणायला पळाली, तर सुईण दुसऱ्या वस्तीवर. परत पळत आली तोवर मी अर्धी आले होते. आई सांगत गेली तसं तिनं केलं. नाळ विळ्यानं कापली. बांधायला काही नव्हतं, तर आपल्या परकराची नाडी काढून तिनं नाळ बांधली, आणि एका हातानं परकर धरून, दुसऱ्या हातात मला घेऊन ती उभी राहिली. आठ वर्षांची पोर.

"हे तू मला आजवर का नाही सांगितलंस गं?"

"तू इचारलंस कवा?"

नात शेजारी बसून बोटं मोजत होती. "संक्रांतीच्या बारा डेज आधी… आजी, जॅन्युअरी सेकंड ऑर थर्ड! यू आर अ कॅप्रिकॉर्न!"

मी आक्काला म्हटलं, "आक्का, मुलानं पाठवलेला कागद फाडून टाक. तू म्हणतेस तसं लिहून दे. सगळं."

"सगळं?"

"सगळं."

मुलगा घाबरला. तारीख जुळणार नाही, फाइल फेटाळतील, बारापैकी सात आठवडे गेलेत. मी म्हटलं, फेटाळली तर मी जाईन परत, पण तिच्या अंगठ्याखाली खोटं जाणार नाही. मला भीती वाटत नव्हती असं नाही. नात खोलीतून ऐकत होती, आणि ती बाहेर आली नाही, यावरून मला कळलं की आजीला परत जावं लागेल हे तिलाही कळलंय.

भाचा आक्काला तालुक्याला घेऊन गेला. तिथल्या टायपिस्टला सवय ती चार ओळींची, 'सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की' वगैरे. भाचा फोनवर सांगत होता, "मावशी, तिनं त्या माणसाला उठू दिलं न्हाई. तो म्हणाला, आजी, नाडीबिडी कशाला लिहायची? तर ही म्हणते, नाडी न्हाई तर अंगठा न्हाई."

कागद आला. अडीच पानं. खाली निळ्या शाईचा अंगठा, रेघ न् रेघ उठलेली. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा हात धुऊन आले होते. पासष्टीच्या आसपासची बाई मी, आणि माझा जन्म पहिल्यांदा कुणीतरी लिहिलेला वाचत होते. पाखरं, विळा, बाजारला गेलेला बाप. शेवटी होतं: 'शाळेतली एक जून ही तारीख मास्तरांनी घातली. त्यांचा दोष नाही. ते तिथे नव्हते. मी होते.'

सुनेनं त्याचं इंग्रजी केलं. तिला शाळू अडला, हुरडा अडला, गोफणीला तर आम्ही दोघी अर्धा तास बसलो. वकिलांनी वाचलं, चष्मा काढून पुसला. "आँटी, इतकं कुणी लिहीत नाही. तारीख जुळत नाही, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगतो." मग शेवटचं पान पुन्हा बघून म्हणाले, "पण का जुळत नाही तेही ह्यातच आहे. शाळेचा दाखला जोडून देऊ. बघू."

नात तिच्या दिवशी देवी होऊन शाळेत गेली. घरी आल्यावर सांगितलं, वर्गातल्या सगळ्यांची नावं आणि वाढदिवस तिनं कागदाच्या पानांवर लिहून झाडाला लावले, आणि मांजरदेवीच्या रांगेपेक्षा हिची रांग मोठी होती.

मला बोलावणं आलं ते थंडी सरल्यावर, नेवार्कच्या इमिग्रेशन ऑफिसात. सून भाषांतराला बरोबर. समोर बसलेली अधिकारी काळी, माझ्याच वयाच्या आसपासची, चष्म्याला साखळी लावलेली. तिनं पासपोर्ट बघितला, दाखला बघितला, मग ती अडीच पानं काढली. एक जून आणि पौष. दोन्ही कागद शेजारी ठेवले.

ती वाचत राहिली. बोट ओळीवरून फिरत होतं. एके ठिकाणी थांबून तिनं सुनेला विचारलं, "स्कर्टची दोरी?"

सुनेनं समजावून सांगितलं.

"आठ वर्षांची होती?" तिनं माझ्याकडे बघून विचारलं.

मला एवढं इंग्रजी येत होतं. "येस. एट."

तिनं चष्मा उतरवला. मग सुनेला म्हणाली की आमच्याकडे घरच्या बायबलच्या पानावर जन्म लिहायचे, पण माझ्या आजीचा तेवढाही लिहिलेला नाही. एवढं बोलून ती पुन्हा वाचायला लागली. शेवटपर्यंत. एक ओळही सोडली नाही. तिची लेखणी समासात काहीतरी लिहीत होती, आणि मी, माझ्या जन्माच्या पानांवर लिहिणाऱ्या त्या हाताकडे नुसती बघत होते. इतक्या लांबच्या देशात, एका अनोळखी बाईच्या टेबलावर, आमचं शेत होतं. आक्का होती. आई होती.

मग तिनं शिक्का मारला.

कार्डावर तारीख एक जूनच आली, पासपोर्टाप्रमाणे. आक्काचा कागद मात्र फाइलमध्ये राहिला. तो अजून तिथे असेल.

घरी येऊन मी फोन लावला. तिकडे रात्रीची जेवणं चालली होती, भाच्यानं आक्काच्या कानाला फोन लावला.

"आक्का, मंजूर झालं गं!"

"काय मंजूर झालं? तू जलमलीस त्ये?"

मी हसायला लागले, तीही हसली, हसता हसता तिला ठसका लागला. मागे भाचा ओरडत होता, पाणी पी, पाणी पी. पाणी पिऊन ती म्हणाली, "अन् नाडीचं वाचलं का तिनं?"

"वाचलं. थांबून विचारलंसुद्धा."

"मंग झालं," आक्का म्हणाली.